खुंटा कोरडा होईपर्यंत

॥ श्री ॥
दांडेवाडी, मुरुड
१४ नोव्हेंबर २०२४

चि. काळूराम यास ठमाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. समुद्र कसा आहे म्हणून विचारलंस, तर तो मजेत आहे. दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाला पार आपल्या पडवीपर्यंत येऊन गेला. दारातली रांगोळी त्याला फार आवडली असावी, सगळीच्या सगळी घेऊन गेला. किहीमला म्हणे लोक समुद्राजवळ घर मिळावं म्हणून जीव टाकतात. मला बसल्या जागी मिळालंय. अजून दोन वर्षांत खाटेवरून पाय खाली सोडले की पाण्यात, अशी सोय होईल.

बोंबलांनीही तुझ्यासारखंच गाव सोडलंय. शेजारच्या सदाची होडी हल्ली चार-चार तास आत जाते आणि येताना प्लास्टिक नि ते काचेसारखे बुळबुळीत गोळे घेऊन येते. ज्या दिवशी बोंबील मिळतात, त्या दिवशी हटकून पाऊस पडतो. मागच्या आठवड्यात मी आणि सदाची बायको अमिषा, आम्ही दोघींनी सबंध दिवस वलांडीच्या बांबूंना ताणलेल्या दोरीवर बोंबील टांगले, तोंडात तोंड अडकवून एकेक जोडी. दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो. कार्तिक महिन्यात. सगळा माल खतात गेला. सदाच्या वांग्यांना यंदा बरे दिवस आहेत.

सदा विचारत होता, काळूकाका कधी येणार. मी म्हटलं, समुद्र मागे गेला की. तुला विसर पडला असेल तर लिहून ठेवते. वादळात तुझी होडी गेली त्याला साडेतीन वर्षं झाली. त्याच्या तिसऱ्या दिवशी तू वेताळबेटावर जाऊन देवाच्या पायरीवर हात ठेवलास आणि म्हणालास, उधाणाच्या भरतीतही बाबांचा होडी बांधायचा खुंटा कोरडा उभा दिसेल, तेव्हाच दांडेवाडीत पाय ठेवीन. मी तिथेच उभी. मी मागे राहते की काय. मीही हात ठेवला आणि म्हटलं, तू गावात पाय ठेवीपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, फोनवरसुद्धा नाही. साठी उलटलेल्या माणसांनी असं वागावं, हे गावाला अजून पटत नाही. मला मात्र पटतं, आपण दोघं एकाच बापाची पोरं.

नशीब, वेताळाचा भगत बाबाजी समजूतदार निघाला. पत्र चालेल का म्हणून त्याला विचारलं होतं. लिवायला हरकत न्हाय, म्हणाला, देवाला वाचता येत न्हाय.

खुंट्याची खबर अशी की भरतीत त्याचं टोक तेवढं वर राहतं. त्यावर एक पाणकावळा बसतो. तोच आता मालक.

वेणूला आशीर्वाद, तुझ्याशी संसार करते म्हणून दुप्पट. लोभ आहे तेवढाच ठेव, एकदम वाढवलास तर मला संशय येईल. शेवटी ‘बाकी समक्ष’ लिहायची आपल्या घरची रीत, पण तेवढी सोय तू ठेवली नाहीस.

तुझी,
ठमाताई


॥ श्री ॥
पाली
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईच्या चरणी काळूरामचा शि. सा. न. वि. वि.

समुद्राने रांगोळी नेली हे वाचून बरं वाटलं. तुझ्या रांगोळीचं आयुष्यात कुणीतरी कौतुक केलं.

इथे सगळं झकास आहे. तुझ्या भाच्याने, प्रज्योतने, मला त्याच्या ट्रकच्या ऑफिसात खुर्ची दिली आहे, फिरणारी. काम एवढंच की फोन आला की गाडी निघाली म्हणून सांगायचं, निघालेली असो नसो. चाळीस वर्षं वारा बघून बोलत आलो, आता न बघता बोलतो आणि लोक विश्वास ठेवतात. बल्लाळेश्वराला गर्दी झाली की रस्त्यात गाड्या अडकतात, एवढंच इथलं उधाण. तुझ्या सूनबाईंच्या हातची कोथिंबीर वडी खातो आणि झोपतो. वेणू सुकट भाजायला घेते तेव्हा आधी सगळी गल्ली खिडक्या लावून घेते, आणि मग एकेक जण वाटी घेऊन दारात येतो.

थट्टा पुरे. मागच्या अंगणाकडची खोली रिकामी आहे. प्रज्योतने पंखा लावलाय. तू ये. दांडेवाडीत पाय न ठेवण्याची शपथ मी घेतली आहे, पालीत पाय न ठेवण्याची तू घेतलेली नाहीस. बोलायचं नसेल तर नको बोलूस. समोरासमोर बसून चिठ्ठ्या लिहू, वेणू पोस्टमन होईल. एकट्या बाईने त्या घरात राहण्याचे दिवस आता गेले, हे तुलाही कळतं. कळत नसल्याचं सोंग तू चांगलं करतेस.

बंधाऱ्याचं काम कुठवर आलं? तो घरासमोर उभा राहिला तर मी गप्प बसेन. नाही राहिला, तर दर आठवड्याला पत्र पाठवून तुझं डोकं खाईन.

लोभ असावा, नसला तर निदान सुकट तरी यावी.

तुझा,
काळूराम


॥ श्री ॥
दांडेवाडी
१६ जानेवारी २०२५

चि. काळूराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता बंधाऱ्याची मजा ऐक. धूपप्रतिबंधक बंधारा पुरा झाला. म्हणजे मंजूर होता तेवढा पुरा झाला, आणि मंजूर होता तेवढा आपल्या घराच्या अलीकडे तीस पावलांवर संपला. पुढे का नाही, म्हणून मी बंधाऱ्याच्या साहेबांना विचारलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून दाखवला. नकाशात आपल्या घराच्या जागी वाळू आहे. मी म्हटलं, साहेब, त्या वाळूत मी सहासष्ट वर्षं राहते. त्यांनी नकाशा नीट घडी करून ठेवला आणि वर कळवतो म्हणाले. वर म्हणजे कुठे ते मी विचारलं नाही.

समुद्र मात्र शिकलेला आहे. सरकारी दगडाला तो हात लावत नाही. बंधाऱ्याच्या कडेकडेने टोकापर्यंत जातो, वळतो आणि माझ्याकडे येतो. ज्यांची घरं बंधाऱ्यामागे वाचली त्यांच्यापुढची वाळू गेली. सदा आता होडी कुठे ओढून ठेवायची म्हणून रोज डोकं खाजवतो. वलांडी मी घरामागे आणली, तिथे वाराच लागत नाही. बोंबील वाळत नाहीत, नुसते विचार करत बसतात.

सोमवारी पौष पौर्णिमेला वेताळबेटाची पालखी झाली. लहानपणी आपण ओहोटीला वाळूतून चालत जायचो, आठवतं ना, तुझी चड्डी भिजायची म्हणून बाबा खांद्यावर घ्यायचे. आता भर ओहोटीतही मधे छातीएवढं पाणी असतं. पालखी सदाच्या होडीतून नेली. जेटीवरच्या शिपायाने सांगितलं, होडीत बसेल त्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालायचं. बाबाजीने धोतरावर नारिंगी जॅकेट चढवलं. मग वाद निघाला, देव होडीत बसला म्हणजे तोही प्रवासी धरायचा की नाही. अर्धा तास त्यात गेला. शेवटी पालखीलाही एक जॅकेट बांधलं. इतकी वर्षं ज्याने गावाला बुडू दिलं नाही, त्याच्या जिवाची आता शिपायाला काळजी.

बेटावर माड पूर्वी पन्नासेक तरी होते, अकरा राहिलेत. देवळाच्या नऊ पायऱ्यांपैकी चार पाण्याबाहेर आहेत. विहीर खारट झाली म्हणून अभिषेकाचं पाणी गावातून बाटलीत नेलं. मी देवाला हात जोडले आणि मनात म्हटलं, तुझं नि माझं सारखंच आहे रे.

येताना खुंटा दिसला. अजून तसाच ठणठणीत. तू नेहमी सांगायचास ते खरंच आहे, बाबांच्या खुंट्याने आजवर एकही होडी सोडली नाही. वादळाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी होड्या खाडीत नेल्या. मी घसा फोडून सांगत होते, तूही ने. तू बाबांनी बांधली तशी खुंट्याला बांधलीस. बाबांच्या वेळी तो खुंटा कोरड्या वाळूत होता, तुझ्या वेळी लाटांत, एवढाच काय तो फरक. खुंट्याने होडी शेवटपर्यंत धरून ठेवली आणि लाटांनी ती जागच्या जागी फोडली. असा इमानी खुंटा शोधून सापडायचा नाही.

वेणूने कळवलंय की तू रोज सकाळी कॅलेंडरवर भरती-ओहोटीच्या वेळा बघतोस. पालीत, डोंगराच्या पायथ्याशी. काही बुडण्याची भीती आहे का तिकडे?

पालीला यायचं म्हणशील तर मी येणार नाही. मी उठले की त्यांचा नकाशा खरा होईल.

सुकट पाठवते आहे, रोह्याच्या कंडक्टरकडे देते. लोभाचं नंतर बघू.

तुझी,
ठमाताई


॥ श्री ॥
पाली
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सुकट मिळाली. खारट जरा जास्त आहे, तुझ्या पत्रासारखीच.

भरतीच्या वेळा बघतो, खरं आहे. सवय आहे, जाता जात नाही. उधाणाच्या दिवशी भर दुपारी जेवायला बसलो की घास उतरत नाही, तेवढंच. वेणूला वाटतं पित्त झालंय. ती मला आवळा सरबत देते आणि मी गपगुमान पितो.

खुंट्याचं तू लिहिलंस ते वाचलं. त्यावर मला काही लिहायचं नाही.

नकाशा खोटा ठरवण्यासाठी घरात बसून राहायचं, ही युक्ती साहेबांपर्यंत पोचली आहे का? नसेल तर तू बसलीस काय आणि उठलीस काय. तुला पोहता येतं याचा तुला फार गर्व आहे. आईलाही येत होतं. सहासष्टाव्या वर्षी येत होतं का, हे मला ठाऊक नाही, कारण तेवढं वय तिने पाहिलंच नाही.

खोली रिकामी आहे. पंखा चालू आहे. लोभ होता तिथेच आहे, त्याला कुठे जाता येत नाही.

तुझा,
काळूराम


॥ श्री ॥
दांडेवाडी
२९ मे २०२५

चि. काळूराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फार दिवस पत्र नाही म्हणून रागावू नकोस. यंदा पावसाने कमाल केली. आपल्याकडचं कुणीच वेळ पाळत नाही, पण हा निदान लवकर तरी आला. एक जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीचे पंधरा दिवस आम्ही बायका वर्षाचं वाळवून घेतो. तेच पंधरा दिवस त्याने निवडले. जवळा, बोंबील, मांदेली, सगळं भिजलं. अमिषाने ताडपत्री धरली, ताडपत्रीसकट अमिषा भिजली. वादळाचा इशारा, मग इशारा मागे, मग पुन्हा इशारा, असं करत होड्या महिन्यातले बारा दिवस बांधूनच राहिल्या.

घर आहे. हवा जरा जास्त खेळती झाली आहे, पण या दिवसांत ती बरीच. अमावास्येचं उधाण येऊन गेलं. मी ठणठणीत आहे.

प्रज्योत परवा येऊन गेला. त्याच्याबरोबर आईचा तांब्याचा हंडा आणि पाटा-वरवंटा पाठवला आहे. वेणूला केव्हाचा द्यायचा होता. इथे मिक्सर आहे, पाटा उगीच जागा अडवतो.

जास्त लिहायला वेळ नाही. लोभ असू दे, मीही ठेवते आहे.

तुझी,
ठमाताई


॥ श्री ॥
पाली
३ जून २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चौरेघी वहीच्या कागदावर आहे. मागच्या बाजूला लिहिलंय, कु. ऋतिका, इयत्ता दुसरी. सदाची मुलगी. शेजारणीकडे मीठ मागायचं तर तू अळणी जेवशील, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. अशी बाई पोरीच्या वहीचं पान मागून पत्र लिहिते, याचा अर्थ मला कळतो. पाटा-वरवंटा देऊन टाकण्याचाही कळतो. मी प्रज्योतला समोर बसवलं. आत्याने शपथ घातलीय म्हणाला. आपल्या घरात इस्टेट म्हणून आता शपथाच उरल्या आहेत. शेवटी त्याने सांगितलं. पडवी आणि स्वयंपाकघर अमावास्येला गेलं, मधली भिंत दुसऱ्या दिवशी पडली, आणि तू आठवडाभर सदाकडे राहते आहेस.

आता मी लिहितो ते नीट वाच, यात थट्टा नाही. मी शपथेमुळे गावात येत नाही, असं तुला वाटतं. शपथ मी सोयीसाठी घेतली होती. मला तो खुंटा बघवत नाही. दोर तुटला असता तर बरं झालं असतं, खुंटा उपटला असता तरी होडी वाळूवर फेकली गेली असती आणि निम्मी वाचली असती. मी दोर दुहेरी बांधला होता. बाबांची होडी, बाबांचा खुंटा, आणि बाबांच्या डोक्याने चाललो म्हणून मीच ती मारली. तू सांगत होतीस, सगळे सांगत होते. दुसऱ्या दिवशी फळ्या गोळा करताना माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. फक्त तू बघून ओरडत होतीस. एवढ्यासाठी मी साडेचारशे मैलांवर गेलो असतो, पाली तर जवळच आहे.

अकरा तारखेला पौर्णिमेचं उधाण आहे. त्याआधी तू इथे ये. प्रज्योतला गाडी घेऊन पाठवतो. मला बोल, रागाव, हवं तर बोलूच नकोस, पण ये. मला भीती वाटते, ताई. साध्या शब्दांत लिहितो, मला भीती वाटते.

तुझा,
काळूराम


॥ श्री ॥
दांडेवाडी, सदाच्या ओटीवरून
९ जून २०२५

चि. काळूराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. अमिषाने विचारलं, काय लिवलंय. मी म्हटलं, मिठाचं काहीतरी.

त्या दिवशी मी सगळ्या वाडीसमोर ओरडले त्याचा मला पश्चात्ताप नाही, होडी खाडीतच न्यायला हवी होती. पण बापाचं नाव बुडवलंस असं मी म्हणाले, ते म्हणायला नको होतं. बाबा तुझ्या जागी असते तर त्यांनीही तिथेच बांधली असती. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं आणि तुलाही नव्हतं. समुद्र घर बदलणार आहे, असं आपल्याला कुणी सांगितलं होतं? हे चार वर्षांपूर्वीच लिहायचं, पण मला वाटलं आधी तू लिहिशील.

आता कामाचं. तू प्रज्योतला मला न्यायला पाठवलंस. मी येत नाही, पण गाडी रिकामी परत पाठवणं बरं दिसत नाही. सकाळच्या ओहोटीला सदा, त्याचे दोघे भाऊ आणि प्रज्योत साखळ्या घेऊन पाण्यात उतरले. दोन तास लागले. खुंट्याचा बुंधा जमिनीत कमरेएवढा होता, आणि खालचं ऐनाचं लाकूड अजून कालच पुरल्यासारखं. पाणकावळा रागावून गेला. खुंटा गाडीत आहे, हे पत्र त्याच्याबरोबरच येईल.

बाबाजीकडे आधी जाऊन आले. म्हटलं, काळूरामची शपथ अशी आहे की उधाणाच्या भरतीत खुंटा कोरडा उभा दिसला पाहिजे. त्याने बराच विचार केला. म्हणाला, खुंटा कंच्या गावात उभा असावा, ह्ये त्यो बोललाच न्हाय. देव ऐकत व्हता, म्या बी ऐकत व्हतो.

तेव्हा तुझ्या मागच्या अंगणात खड्डा खण आणि पुर. अकरा तारखेला कॅलेंडर बघ. माझी शपथ अजून तशीच आहे, ती तू गावात पाय ठेवलास की सुटेल. घर बघायला येऊ नकोस, ते नाही. मी बंधाऱ्याच्या टोकाला बसेन, जिथे नकाशा संपतो तिथे.

लोभ घेऊन ये.

तुझी,
ठमाताई


॥ श्री ॥
पाली
११ जून २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातानेच आणतो. खुंटा काल पुरला. गल्लीतले लोक विचारत होते, म्हैस घेणार का. आज दुपारी साडेबाराच्या भरतीला मी अंगणात त्याच्यासमोर उभा राहिलो, वेणू छत्री धरून शेजारी. पाऊस थांबेपर्यंत थांबलो आणि पंच्याने पुसून घेतला, म्हणजे कुणी खुसपट काढायला नको. कोरडा आहे. उद्या पहिल्या गाडीने निघतो.

तुझा,
काळूराम


॥ श्री ॥
दांडेवाडी
१३ जून २०२५

चि. सौ. वेणूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा नवरा सुखरूप पोचला. काल दुपारी फाट्यावर उतरला आणि चालत आला. मी बंधाऱ्यावर बसले होते. चार वर्षं मी त्याला ऐकवायच्या गोष्टी जमवून ठेवल्या होत्या, अगदी क्रमाने. तो दहा पावलांवर येऊन थांबला. घराच्या जागी बघत राहिला, तिथे फक्त न्हाणीचा दगड आणि पाणी. शपथ सुटली तरी आम्ही दोघं मुक्यासारखे उभे, आणि सदा मागे वैतागलेला.

मग तो माझ्याकडे यायला दगडावर चढायला लागला, चपला घालून, आणि माझ्या तोंडून निघालं, जपून, शेवाळ हाय. चार वर्षं जपून ठेवलेला पहिला शब्द हा. तो तिथेच बसला आणि रडला. मी रडले नाही असं मी तुला सांगेन, पण अमिषा काहीतरी वेगळंच सांगेल. तिचं ऐकू नकोस.

आम्ही दोघं रविवारी निघतो. मी पावसाळ्यापुरतीच येते आहे. नकाशावाल्या साहेबांना तसं लेखी कळवलंय, नाहीतर ते खूश व्हायचे. नारळी पौर्णिमेला मी परत, आणि खुंटाही परत. त्याला कपड्यांची दोरी बांधली असशील तर सोडून ठेव. सदाच्या घरामागे माडांच्या रांगेत तो उभा करायचा, अगदी वर. काळूराम म्हणतो तिथे तो तीस वर्षं कोरडा राहील. मी म्हणते दहा. कालपासून यावरून आमचं कडाक्याचं भांडण चाललंय, तोंडी.

म्हणून हे पत्र आटोपते. खोली झाडून ठेव, पंखा सावकाश लाव, मला वारा बाधतो. लोभ आहेच.

बाकी समक्ष.

तुझी,
ठमाताई